थोरलीचा जबडा

अकरा वर्षांची होईपर्यंत माझा चेहरा माझाच होता. शाळेच्या फोटोत मी दुसऱ्या ओळीत आहे, दोन वेण्या, कपाळावर टिकली आणि हनुवटी जिथं असायला हवी तिथंच. त्यानंतर खालचा जबडा डावीकडे सरकायला लागला. एकाएकी नाही, कुणाला कळणार नाही इतक्या सावकाश. आधी कळलं ते दातांना. पेरू खायला घेतला की पुढचे दात एकमेकांना भेटेनात. मग आरशात दिसलं. आणि मग गावातल्या बायकांना दिसलं, त्यांना तर आरशापेक्षा जास्त दिसतं.

"ही तर थोरली झाली गं," विहिरीवर एक म्हातारी म्हणाली. बाकीच्यांचे हात थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणीही नाही म्हटलं नाही.

थोरली म्हणजे माझी आत्या, बाबांच्या पाठची बहीण. आमचं गाव खालापूरच्या अलीकडं, आणि तिला दिली होती कुंभिवलीच्या पलीकडं. मी जन्मायच्या आदल्या वर्षी ती वारली. नदीवर धुणं घेऊन गेली ती परत आली नाही, एवढंच आमच्याकडे सांगायची पद्धत. तिचा एकही फोटो नव्हता. तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, तेव्हापासून ही पहिली ती थोरली, आणि ती दुसरी रिवाजाप्रमाणे आमच्या घरची लेक झाली. मेलेल्या सवतीचं माहेर तेच तिचं माहेर. दिवाळीला यायची, बाबांना ओवाळायची, त्यांना दादा म्हणायची. आम्ही तिला नवी आत्या म्हणायचो. तिच्या गळ्यात मंगळसूत्राखाली थोरलीच्या नावाचा चांदीचा टाक असायचा, आणि रोज जेवायच्या आधी ती त्याला पहिला घास दाखवायची.

नव्या आत्याची पहिली दोन मुलं बाराव्या दिवसाच्या आत गेली होती. थोरलीचं मन राहिलंय, असं तिला कुणीतरी भरवून दिलं होतं. गावच्या बायका काय बोलतात ते तिच्या कानावर गेलं आणि ती मला बघायला आली. माझी हनुवटी दोन बोटांत धरून तिनं माझं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. तिनं थोरलीला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं, शेजारणींकडे पाहिलं. सगळ्या होय म्हणाल्या. बाबा तेवढे उठून बाहेर गेले.

पितृपक्षातली नवमी ही सवाष्ण गेलेल्या बायकांची. त्या दिवशी तिच्या नावानं एखाद्या सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात. मी सवाष्ण नव्हते, शेंबडी पोर होते. पण नव्या आत्याचं म्हणणं, दुसऱ्या कुणाला कशाला बसवू, तिचंच तोंड आलंय तर. आईनं मला परकर-पोलकं नेसवून सडकेच्या कडेकडेनं चालवत तिकडे नेलं. ट्रक जात होते, शेतात भात पोटरीला आलं होतं, आणि मी जेवायला काय असेल याचा विचार करत होते.

दारात नव्या आत्यानं माझे पाय धुतले. पदरानं पुसले. "या, ताई," ती म्हणाली. मी मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं. बत्तीस वर्षांची बाई मला ताई म्हणत होती.

मला एकटीलाच पाटावर बसवलं. अळूवडी, उडदाचे वडे, गवार, भोपळा, तांदळाची खीर. घरातली माणसं भिंतीला टेकून उभी, आणि मी खात होते. कुणी बोलत नव्हतं. माझ्या चावण्याचा आवाज मलाच ऐकू येत होता, डावीकडे टक टक असा, कारण तोवर सांधा वाजायला लागला होता. तो आवाज आला की एक म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. माझं झाल्यावर नवी आत्या वाकली आणि हळूच म्हणाली, "पोट भरलं ना? काय मनात ठेवू नका." मी मान हलवली. मला वाटलं खिरीबद्दल विचारतेय.

खोटं कशाला सांगू, पहिल्या वर्षी मला मजा वाटली. घरी मला कोण विचारत होतं? पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला आणि जगला. मग दुसरा झाला, तोही जगला. आता माझी सुटका कशी होणार. दरवर्षी नवमीला मी तिकडे, पाटावर. ते दोघे मुलगे ओळीनं येऊन माझ्या पाया पडत, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती असे. मी त्यांना चिमटे काढून हसवायला बघायची. ते हसत नसत.

त्या काळात मला एक खोड लागली होती. शिवणाच्या दोऱ्यानं मी कानापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजायची, आधी डावं, मग उजवं. नवमीला जेवून आले की मोजायची, आणि फरक वाढलेला असायचा. मी भादव्यातच मोजत होते म्हणून तो भादव्यातच वाढायचा, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, मी तिकडे खाते आणि इथं हाड वाढतं. एकदा ताप आल्याचं सोंग केलं. नवी आत्या डबा घेऊन चालत आली, माझ्या उशाशी बसली आणि शेवटचा घास संपेपर्यंत उठली नाही.

तिचा नवरा, ज्याला मी मामा म्हणायची आणि इथून पुढं म्हणणार नाही, नवमीच्या दिवशी घरात थांबतच नसे. खळ्यावर जाऊन बसायचा. मी सोळा वर्षांची असताना जेवून मागच्या पडवीत हात धुवायला गेले, तर तो तिथं उभा. मला पाहून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"आता पुरं कर," तो म्हणाला. "किती वरसं येशील?"

मी दरवर्षी फुकट जेवते म्हणून हा बोलतोय, असं मला वाटलं. अंगाचा तिळपापड झाला. "बोलावतात म्हणून येते," मी म्हणाले. तो मागं सरकत भिंतीला टेकला. भर भादव्यातल्या दमट दुपारी तो थंडीनं काकडल्यासारखा कापत होता. मी तोंड पुसलं आणि घरात गेले.

अठराव्या वर्षी जबडा सरकायचा थांबला. तोवर जेवढं व्हायचं ते झालं होतं. मी खोपोलीच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले होते आणि मला बघायला येणारे येत होते, पोहे खाऊन जात होते. फोटो नेहमी उजवीकडून काढायचा. फोटो बघून आलेला मुलगा प्रत्यक्ष बघायचा, आणि त्याची आई माझ्या आईला विचारायची, "लहानपणी पडली होती का?" नवव्या स्थळानंतर मी पोहे करायचं बंद केलं. आईनं शिव्या घातल्या. मी म्हणाले, तुला एवढी हौस तर तूच जाऊन बस समोर.

कारखान्याजवळच्या दाताच्या डॉक्टरनं सांगितलं, मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात याचं ऑपरेशन होतं, हाड कापून मागं घेतात. मी चोवीस वर्षांची होते. बाबांना घेऊन गेले. तिथला डॉक्टर तरुण होता, भराभर बोलणारा. माझ्या चेहऱ्याच्या एक्स-रेवर पातळ कागद ठेवून त्यानं निळ्या पेन्सिलीनं रेघ काढली. मग कात्री घेतली, कागदातला जबडा कापून वेगळा केला आणि टेबलावर बोटानं मागं, उजवीकडे सरकवला.

"हा तुमचा नवा चेहरा," तो म्हणाला.

त्याला कातडी नव्हती, डोळे नव्हते. तरी मी बघत राहिले. सरळ होता. अकराव्या वर्षापर्यंत होता तसा.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. तोंडाच्या आतून कापायचं, म्हणजे बाहेर व्रण दिसत नाही. अक्कलदाढेच्या मागं दोन्ही बाजूंना हाड करवतीनं चिरायचं, सरकवायचं, तारेनं बांधायचं. सहा आठवडे वरचे-खालचे दात तारांनी जखडलेले, बोलणं बंद, खाणं बंद, पेज आणि दूध तेवढं दातांच्या फटीतून. खालचा ओठ कायमचा बधिर राहू शकतो. उशाशी तार कापायची पक्कड टांगलेली असते, ओकारी आली तर घुसमटू नये म्हणून. "जिवाला गरज नाहीय या ऑपरेशनची," तो म्हणाला. "तुम्हाला हवं असेल तर करायचं. विचार करा." मग तो एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाला, "लहानपणी इथं मार बसला होता का? हाड मोडून वेडंवाकडं जुळलं की असं दिसतं."

मी नाही म्हणाले. बाबा खुर्चीवरून उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले.

तो कापलेला कागद डॉक्टरनं मला देऊन टाकला होता. मी तो पुस्तकात ठेवला आणि रोज काढून बघायची. कधी जबडा नवीन जागी ठेवायची, कधी जुन्या. जुन्या जागी ठेवला की ओळखीचं कुणीतरी कागदातून बघतंय असं वाटे, आणि ती मी नसे. मला खरंच भीती वाटायची. कापलं तर मी उरणार का, की इतकी वर्षं जेवून गेली ती उरणार, हे मला ठरवता येईना. कुणाला सांगायची सोय नव्हती. आई म्हणाली असती, मोठी आलीय विचार करणारी, लग्न करायचंय की नाही ते सांग.

बातमी कुंभिवलीच्या पलीकडं जायला आठवडा पुरला. नवी आत्या भरदुपारी आली. आई शेतावर होती. ती ओटीवर टेकली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुजं तोंड कापणार हायत म्हणं."

"कापणार नाहीत. सरळ करणार."

"येकच ते. नको करू गं."

मी भडकले. माझ्या तोंडावर सगळ्या गावाचा हक्क, मी सोडून. तिला म्हणाले, तुमची मुलं मोठी झाली, आता कुणीही सवाष्ण बसवा पाटावर. ती मला बोलू देत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुला कुणी सांगितलंच नाय का?"

"काय?"

"थोरलीचं हाड उपजत वाकडं नवतं. भात कच्चा ऱ्हायला म्हून त्यानं पाट उचलून मारला. मोडलं ते तसंच जुळलं. दोन वरसं तशीच वावरली, मंग नदीवर गेली." ती गळ्यातला टाक चाचपत होती. "मला त्यानंच सांगितलं. मारताना. तिच्यावानी करीन म्हणायचा. मी तुला पयल्यांदा बोलावलं ते पोरांसाठी, देवाशपथ. पन तुला पाटावर बसवलं त्या दिसापासून त्यानं मला बोट लावलं नाय. तेरा वरसं. वरीस सरत आलं की त्याचा आवाज चढतो, आन तू येऊन जेवून गेलीस की बसतो."

"म्हणजे मी तुमचं बुजगावणं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. लाजली नाही, रडली नाही. पडवीतला तो माणूस मला आठवला, टोपी हातात घेतलेला. मी त्याला काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं.

ती गेल्यावर मी बाबांना शेतावर गाठलं. ते बांधावर बसले होते. मी विचारलं, हे खरं का. त्यांनी मातीतल्या खेकड्याच्या बिळात काडी घातली.

"आपलेच दात नि आपलेच ओठ," ते म्हणाले. "कुनाला सांगायचं."

मग त्यांनी सांगितलं. आत्या एकदा पळून आली होती. पाच मैल चालत, तोंड फडक्यानं डोक्यापासून बांधलेलं. बोलता येत नव्हतं. काय झालं ते तिनं हातानं करून दाखवलं. चार दिवस ठेवून घेतली, पेज पाजली. पाचव्या दिवशी तिकडून निरोप आला आणि आजोबा म्हणाले, पोचवून ये. "मीच गाडी जुंपली. तिनं आपल्या दाराची चौकट धरली हुती. मी तिची बोटं सोडवली, येकेक करून. बाय म्हनायचो मी तिला. म्हनलं बाय, दिल्या घरी ऱ्हावं." मग म्हणाले, "तुजा जबडा फिरायला लागला तवाच मला कळलं. त्या बाया म्हनायच्या आधी."

म्हणून तेरा वर्षं हा माणूस माझ्या तोंडाकडे बघून जेवला नव्हता. मला त्यांची कीव आली आणि चीडही आली, दोन्ही एकदम. मार बसला नव्हता असं मी सांगितल्यावर डॉक्टर म्हणाला होता की सांध्याचं हाड एका बाजूला जास्त वाढलं की जबडा फिरतो, हजारात एखाद्याला होतं. तेही मला पटलेलं होतं. पण त्या बांधावर बसून ते आठवायचा काही उपयोग झाला नाही.

तीन आठवडे मी घोळ घातला. नव्या आत्यासाठी असंच राहावं, तर जन्मभर राहावं लागणार. आणि तिला त्या घरातून काढावं, असं आमच्या घरात एकाच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. नवरा होता ना तिचा. शेवटी मनात एकच गोष्ट राहिली, की त्या माणसाच्या हाताची खूण मी माझ्या तोंडावर वागवणार नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कर."

हॉस्पिटलातून कार्ड आलं. खाट लगेच मिळत होती, कारण पितृपक्षात कुणी कापून घ्यायला येत नाही. आईनं थयथयाट केला, पंधरवडा उलटू दे म्हणाली. पंधरवडा उलटला असता तर मी नवमीला पाटावर असते, म्हणून मी लगेच गेले. कागदावर बाबांनी सही केली. सह्या करायची त्यांना सवय नव्हती, फार वेळ लागला.

ऑपरेशनचं काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा तोंडात तारा होत्या आणि जीभ कोंडली होती. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, डोक्यावरून हनुवटीखालून पट्टी आवळलेली. नर्सनं आरसा दिला नाही. खिडकीच्या काचेत मी पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं. फडक्यानं बांधलेल्या तोंडाची कुणीतरी खाटेवर बसली होती.

नवमी गेली तो माझा पाचवा दिवस. सहाव्या दिवशी बाबा आले. त्यांच्यामागं नवी आत्या होती, काखेत गाठोडं, पदर तोंडावर दाबून धरलेला. ती स्टुलावर बसली तेव्हा पदर सुटला. डावा गाल काळानिळा, ओठ फुटलेला.

"काल पान मोकळं ऱ्हायलं," ती म्हणाली. फुटक्या ओठानं तिला नीट बोलता येत नव्हतं.

माझ्यामुळे झालं हे. तेव्हा मला तसंच वाटलं आणि आजही वाटतं, कुणी काही म्हणो. मला काहीतरी बोलायचं होतं, तारांतून नुसता घशातला आवाज आला. नर्स धावत आली, उशाशी टांगलेली पक्कड तिनं हातात घेतली. मी हातानं नको म्हटलं.

"मी गेलो हुतो काल," बाबा म्हणाले. "नवमी हाय, तू नायस, म्हून गेलो. पोचलो तवर झालं हुतं. तसाच हाताला धरून घिऊन आलो."

मग ते खाटेच्या कडेला बसले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नजर न चुकवता त्यांनी त्या सुजलेल्या, बांधलेल्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिले.

"बाय," ते म्हणाले, "तुला परत नाय धाडनार आता."

ते उत्तराची वाट बघत होते. मला तोंड उघडता येत नव्हतं.

"बरं, दादा," नवी आत्या म्हणाली.